वहिनी, यंत्र आणि मधला

लग्नाला महिना झाला नसेल, तेव्हा माझ्या दादाने वहिनीला 'चौकशी खिडकी' असं नाव ठेवलं. ते अजून सुटलेलं नाही. फरक इतकाच, की खऱ्या चौकशी खिडकीतला माणूस उत्तरं देतो आणि आमची वहिनी प्रश्न विचारते. लिफ्ट खाली असताना वरच्या मजल्यावरच्या बटणाला ते कसं कळतं? इस्त्रीवाल्याला कुठला शर्ट कुणाचा हे आठवतं कसं? डॉक्टर जीभ बाहेर काढायला सांगतात तेव्हा नेमकं काय बघतात? हे शेवटचं तिने डॉक्टरांनाच विचारलं होतं, जीभ बाहेर असताना. त्यांना काही कळलं नाही, म्हणून जीभ आत घेऊन पुन्हा विचारलं.

लग्नाआधी ती काचसामानाच्या एका मोठ्या दुकानात बांधणीच्या टेबलावर होती. पेले, बरण्या, फुलदाण्या कागदात गुंडाळायच्या, खोक्यात भरायच्या, वर दोरी बांधायची. तिने बांधलेलं खोकं जिन्यावरून घरंगळलं तरी आतला पेला शाबूत निघायचा, असं ती सांगते. दादा म्हणतो, "एकदा घरंगळवून दाखव." ती म्हणते, "आधी पेले तुमच्या पैशाने आणा."

दादाचं पाट्यांचं दुकान आहे. दारावरच्या पाट्या, बक्षिसांखाली लावायच्या चकत्या, एखाद्या बाकावर कुणाच्या आठवणीची फळी. पूर्वी तो सगळं हाताने कोरायचा. माझ्या भावाचा आहे म्हणून सांगत नाही, पण त्याचा हात फार सुंदर होता. मग त्या हाताला कंप सुटला. आधी चहाच्या कपात दिसला, नंतर लाकडावर. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि छिन्नी ठेवून द्या म्हणून सांगितलं. दुकान बंद करायचं की काय, असं घरात चाललं होतं. तेवढ्यात दूरच्या गावात कुणीतरी लाकूड जाळून अक्षरं कोरणारं आपलं जुनं यंत्र विकतंय असं कळलं आणि ते आमच्याकडे आलं. देवानेच वाट दाखवली असं मी म्हणते. दादा म्हणतो, देवाने जरा नवीन यंत्र दाखवलं असतं तर बरं झालं असतं.

यंत्राला एक तसाच जुना संगणक जोडलेला. त्याच्या पडद्यावर चित्रं नाहीत, काही नाही. काळा पडदा आणि त्यावर पांढरी अक्षरं. ज्याने यंत्र विकलं त्यानेच ते येऊन बसवून दिलं. त्याला आम्ही यंत्रवाला म्हणतो. त्याने वहिनीला शिकवलं ते एवढंच: आधी 'कोर' असा हुकूम टंकायचा, मग कोरायचे शब्द, आणि एंटर दाबायचं. दादा पडद्यासमोर बसायला तयार नव्हता. मी दुपारी गिऱ्हाइकांकडून मजकूर लिहून घेते. राहिली वहिनी. तिला तर तेच हवं होतं.

एक गोष्ट मात्र पहिल्या दिवसापासून तशीच होती. नाव आणि आडनाव असे दोन शब्द टंकले, की यंत्र नाव वर कोरायचं आणि आडनाव खाली. तीन शब्द दिले की तीन ओळी. वहिनीने दोन-चारदा शब्द जवळजवळ टंकून बघितले, लांब लांब टंकून बघितले. काही फरक नाही. दादा म्हणाला, "त्याची तशीच पद्धत असेल. आपण पाटीच उभी कापू." मग आम्ही पाट्या उभ्या कापायला लागलो. लोकांना त्या आवडल्या. काहीतरी नवीन, सुटसुटीत वाटतं, म्हणाले. बघता बघता आमच्या आणि मागच्या गल्लीत दारोदार उभ्या पाट्या झाल्या. चौकातला दुसरा पाटीवाला, जो अजून हाताने रंगवतो, त्यानेसुद्धा एकाखाली एक शब्द लिहायला सुरुवात केली. 'नवीन पद्धत' म्हणून जास्त दर घ्यायला लागला, असंही कानावर आलं.

वहिनी तेवढी अधूनमधून म्हणायची, "वन्सं, पण ते तसं का करतं?"

"करतंय ना छान? करू दे की," मी म्हणायचे.

मग एके दिवशी घड्याळवाले आजोबा दुकानात आले. आमच्या रस्त्याच्या टोकाला त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. खाली दुकान, वर घर. वरच्या खोलीत त्यांची बायको शिवणकाम करायची. बाई आदल्या वर्षी गेल्या. आजोबांच्या हातात रुमालात गुंडाळलेली एक फळी होती.

"हा तिच्या शिवणयंत्राच्या टेबलाचा खण," ते म्हणाले. "खणाचं तोंड. टेबल तिच्याकडे शिकायला यायची त्या मुलीला दिलं. हा एवढा मागून घेतला."

फळी वीतभर लांब. कडेला सुया टोचून ठेवायची बाईंना सवय असावी, बारीक बारीक भोकांची रांगच होती. खडूची निळसर पूड लाकडाच्या रेषांत बसलेली.

"यावर काय कोरायचं?" मी कागद पुढे ओढला.

आजोबा जरा लाजले. "मी खालून हाक मारायचो. जेवायला चल, कुणी आलंय, काहीही. ती वरून म्हणायची, येतेच. मग बराच वेळ काही नाही. मग आवाज यायचा, एवढं टाचून. तेच कोरायचं."

त्यांनी माझ्या हातातून पेन घेतलं आणि स्वतःच लिहिलं. आधी दुहेरी अवतरणचिन्ह, मग 'येतेच', मग मोठी रिकामी जागा, मग 'एवढं टाचून', आणि पुन्हा अवतरणचिन्ह.

"सगळं एका ओळीत हवं. ती चिन्हंही हवीत," ते म्हणाले. "हे ती बोलली आहे. नुसतं लिहिलं तर दुकानाची सूचना वाटेल. आणि मधली ही जागा कमी करू नका. मी त्या जागेतच जन्म काढलाय."

वहिनी फळी हातात घेऊन उलटसुलट बघत होती. "चुकलं तर दुसरा खण आहे का?"

"नाही."

"रंधा मारून पुन्हा करता येईल तसं," दादा म्हणाला.

"मग सुयांची भोकं जातील ना हो," वहिनी म्हणाली. आजोबांनी मान हलवली. त्यानंतर रंध्याचं नाव कुणी काढलं नाही.

ते गेल्यावर दादा म्हणाला, "एका ओळीत होत नाही हे माहीत असून घेतलंस का काम?"

"होत नाही हे कुठे माहीत आहे? का होत नाही, तेच माहीत नाही आपल्याला."

"झाली खिडकी उघडी," दादा म्हणाला.

वहिनीने रद्दी प्लायवूडचा तुकडा यंत्राखाली लावला. फळी रुमालात गुंडाळून कपाटात, वरच्या फळीवर. कागद समोर धरून आजोबांनी लिहिलं होतं तसंच्या तसं टंकलं: कोर, मग चिन्ह, शब्द, मोठी जागा, शब्द, चिन्ह. एंटर.

यंत्राचं डोकं घरघरत सरकलं, धूर निघाला. आम्ही तिघं वाकून बघत होतो. सगळे शब्द एका ओळीत आले होते. मधली जागाही तेवढीच मोठी.

दादा बघतच राहिला. "हे कसं केलं?"

"मी काही केलं नाही. दिलं तसं टंकलं." वहिनी तुकड्याच्या आणखी जवळ गेली. "पण चिन्हं कुठे गेली?"

चिन्हं नव्हतीच. ना सुरुवातीला ना शेवटी.

तिला वाटलं, टंकताना बोट नीट पडलं नसेल. पडद्यावर बघितलं तर दोन्ही चिन्हं तिथे होती. म्हणजे पडद्यावर आहेत आणि लाकडावर नाहीत. "खाल्ली," ती म्हणाली. "कुणीतरी मधल्यामध्ये खाल्ली."

"मग जास्त वाढ," दादा म्हणाला. "एक खाल्लं तर दुसरं उरेल."

त्याने थट्टेने म्हटलं, पण वहिनीला ते पटलं. तिने सुरुवातीला दोन चिन्हं घातली, शेवटी दोन. नवा तुकडा, एंटर. आणि काय आलं असेल? तीन ओळी. 'येतेच', खाली 'एवढं', खाली 'टाचून'. चिन्ह एकही नाही. मोठी जागाही गायब. जास्त कपडे चढवावेत आणि माणूस उघडाच बाहेर यावा, तसं झालं.

"आता मात्र मला बघायचंच आहे," वहिनी म्हणाली. तिच्या डोळ्यांत काळजी कमी आणि चमक जास्त होती. तिसऱ्या वेळेला तिने सुरुवातीला एकच चिन्ह घातलं आणि शेवटी घातलंच नाही. एंटर दाबलं.

यंत्र हललं नाही. पडद्यावर खालच्या ओळीत नुसता एक छोटा बाण आला आणि त्याच्यापुढे रिकामी जागा लुकलुकत राहिली.

"बिघडलं," मी म्हटलं.

वहिनीने पुन्हा एंटर दाबलं. पुन्हा बाण. पुन्हा दाबलं, पुन्हा बाण.

"वाट बघतंय," ती हळूच म्हणाली. "समोरचा बोलायचा थांबला की आपण पुढचं ऐकायला थांबतो ना, तसं."

"तुझ्यापेक्षा शहाणं आहे म्हणजे," दादा म्हणाला. "समोरच्याचं पुरं होईपर्यंत मध्ये बोलत नाही."

"मी कधी मध्ये बोलते?"

"हे काय, आत्ताच."

तिने त्याच्याकडे दुर्लक्ष केलं, राहिलेलं चिन्ह टंकलं आणि एंटर दाबलं. यंत्र लगेच घरघरायला लागलं. एका ओळीत शब्द, मोठी जागा, आणि चिन्हं पुन्हा नाहीत.

दादा उठला. कोपऱ्यातल्या पेटीतून त्याने आपली सगळ्यात बारीक छिन्नी काढली. "अगं, दोनच तर चिन्हं आहेत. बाकीचं यंत्राने करू दे, एवढं मी हाताने कोरतो. चार टिकल्या मारायच्या." तो रद्दी तुकड्यावर वाकला. पहिली खूण बरी आली. दुसरी मारताना छिन्नी घसरली आणि 'येतेच'च्या आरपार एक रेघ गेली.

दादाने छिन्नी पुसली, पेटीत ठेवली. "त्यालाच सांग," तो म्हणाला. "त्याला कळेल असं सांग."

वहिनीने यंत्रवाल्याला फोन लावला. फोन मोठ्या आवाजावर ठेवून ती सगळं सांगत गेली. काय टंकलं, काय आलं, बाण कधी आला. यंत्रवाला मध्ये एकदाच हसला.

"वहिनी, म्हणजे इतके दिवस तुम्ही प्रत्येक शब्द वेगळ्या ओळीत काढताय?"

"हो. लोकांना आवडतं."

"चूक माझी आहे, सांगायला हवं होतं. असं बघा, तुम्ही टंकता ते सरळ यंत्राकडे जात नाही. मध्ये एक जण बसलेला असतो. त्याला शेल म्हणतात."

"माणूस?"

"माणूस कुठला, प्रोग्राम. तो तुमची ओळ वाचतो, तुकडे करतो आणि एकेक तुकडा यंत्राच्या हातात देतो. यंत्र प्रत्येक तुकड्याची एक ओळ करतं. रिकामी जागा दिसली की त्याने तुकडा पाडलाच. जागा छोटी असो की हातभर, त्याला सारखीच. तो ती टाकून देतो."

"आणि चिन्हांच्या आत असलं तर?"

"तर तो हात लावत नाही. आतलं सगळं एकच तुकडा, जागेसकट. चिन्हं म्हणजे त्याला सांगणं आहे, की हे बांधलेलं आहे, तोडू नकोस. बांधलेलं पुढे दिलं की चिन्हं तो काढून ठेवतो. ती त्याच्यासाठीच असतात."

"आणि मी दोन दोन घातली तेव्हा?"

"पहिल्या चिन्हाने गाठ सुरू झाली, दुसऱ्याने लगेच संपली. आत काहीच नाही. शब्द सगळे बाहेर उघड्यावर."

"मग चिन्हंच कोरायची असतील तर?"

"त्याला उपाय आहे, पण मी आत्ता एका गिऱ्हाइकाकडे शिडीवर आहे. उतरलो की करतो फोन. आणि लाकूड जाळत बसू नका. 'कोर'च्या जागी 'एको' टंका. मधल्याने पुढे काय दिलं, ते नुसतं पडद्यावर दिसेल." फोन बंद झाला.

वहिनी गप्प बसली. ती गप्प बसली की दादा घाबरतो. त्याने चहा टाकला.

"वन्सं," ती बऱ्याच वेळाने म्हणाली, "काचेच्या दुकानात कंपनीकडून फुलदाण्या यायच्या ना, त्यांच्या खोक्याला पांढरी दोरी असायची. ती शोभेची. गिऱ्हाइकाच्या हातात जाईपर्यंत तशीच राहायला हवी. पण पोचवणारा गडी वरची दोरी कापूनच माल ताब्यात द्यायचा, तसा नियमच होता. मी नवीन होते तेव्हा वरूनही पांढरीच दोरी बांधायचे. मग तो दोन्ही कापून टाकायचा. त्याचं काय चुकलं? त्याला वरची कुठली आणि आतली कुठली, कसं कळणार?"

"मग?"

"मग आम्ही वरून तांबडी बांधायला लागलो. गड्याला सांगितलं, तांबडी तुझी, पांढरी गिऱ्हाइकाची." ती पडद्याकडे वळली. "या मधल्याला दुसऱ्या रंगाची दोरी कळते का, ते बघायला पाहिजे."

तिने कळफलकावरची सगळी चिन्हं बोटाने मोजल्यासारखी चाचपली. दुहेरी अवतरणाच्या त्याच बटणावर, खालच्या अंगाला एकेरी होतं. "ही बघा जुळी बहीण," ती म्हणाली.

आधी 'एको'. मग बाहेरून एकेरी चिन्ह. त्याच्या आत आजोबांचं दुहेरी. 'येतेच', मोठी जागा, 'एवढं टाचून', दुहेरी बंद. आणि सगळ्यात शेवटी बाहेरचं एकेरी बंद. एंटर.

पडद्यावर ओळ उमटली. दुहेरी चिन्हं दोन्ही बाजूंना, जागा होती तेवढी, सगळं एका रांगेत. बाहेरची एकेरी चिन्हं गेली होती.

"कापली बघा तांबडी," वहिनी म्हणाली. "आणि पांढरीला हात लावला नाही. गुणी आहे."

तिने एवढ्यावर सोडलं नाही. उलट करून बघितलं, बाहेर दुहेरी आणि आत एकेरी. मग आत एकेरी असून बाहेरही एकेरीच. मग आतलं एकच ठेवून बाहेरचं विसरल्यासारखं केलं. प्रत्येक वेळी काय होईल ते आधी सांगायची आणि मग एंटर दाबायची. दोनदा तिचा अंदाज चुकला, तेव्हा ती जास्त खूश झाली. यंत्रवाल्याचा फोन आला तेव्हा तिने त्याला सगळं वाचून दाखवलं.

"तेच सांगणार होतो," तो म्हणाला. "अजून एक आहे. आतल्या प्रत्येक चिन्हाच्या आधी उलटी तिरकी रेघ दिली, की बाहेरही दुहेरी चालतं. ती रेघ म्हणजे मधल्याला डोळा मारणं. हे चिन्ह तुझं नाही, जाऊ दे."

"तेही बघते," वहिनी म्हणाली. "पण कोरताना माझी दोरीच बरी."

दुसऱ्या दिवशी सकाळी प्लायवूडवर एकदा करून बघितलं. अगदी आजोबांच्या कागदावर होतं तसं आलं. मग दादाने कपाटातून फळी काढली. ती बसवायचं काम त्याने कुणाला करू दिलं नाही. थरथरत्या हातानेही तो फळी अशी काटकोनात बसवतो, की दोऱ्याएवढाही फरक नाही. शिकंजे आवळले, पुन्हा तपासले. वहिनीने ओळ टंकली. एंटरवर बोट ठेवून थांबली. ओळ पुन्हा वाचली, पहिल्यापासून शेवटपर्यंत, ओठ हलवत. मी मनात देवाचं नाव घेतलं. तिने बटण दाबलं.

पहिलं चिन्ह उमटलं. 'येतेच' उमटलं. मग यंत्राचं डोकं काहीही न जाळता तसंच सरकत गेलं. त्या कोऱ्या लाकडावरून नुसतं घरघरत, सावकाश. मला वाटलं, अडकलं. दादा आणखी खाली वाकला. मग 'एवढं'चा ए उमटायला लागला आणि दादा सरळ झाला.

आजोबा संध्याकाळी आले. वहिनीने फळी रुमालातच ठेवली होती, त्यांच्या रुमालात. त्यांनी ती उघडली, घड्याळ तपासायचं भिंग डोळ्याला लावलं आणि चिन्हापासून चिन्हापर्यंत सगळं बघितलं. सुयांची भोकं अंगठ्याने चाचपली. भिंग काढलं. मग मधल्या रिकाम्या जागेवर एक बोट ठेवून उभे राहिले.

"जागा बरोबर आहे ना?" दादाने विचारलं.

"आहे," ते म्हणाले. "एकच ओळ केलीत. तुमच्याकडे उभ्या पाट्या करतात ना?"

"सांगाल तशा करतो," वहिनी म्हणाली. उभ्या पाट्यांना मागणी अजून तशीच आहे. आता तिला त्या मुद्दाम कराव्या लागतात, म्हणजे चिन्हं मुद्दाम घालायची नाहीत. मधल्याला मोकळं सोडायचं, असं ती म्हणते.

आजोबांनी फळी परत गुंडाळली. जिन्याच्या वळणावर लावणार होते, खाली दुकानात बसल्या जागेवरून दिसेल अशी. ते पायरी उतरत होते आणि मला कळलं की वहिनी आता विचारणार. मी तिच्या हाताला हात लावला, पण उशीर झाला होता.

"आजोबा, टाचून झालं की त्या यायच्या का हो खाली?"

आजोबा पायरीवर थांबले. फळी काखेत धरून त्यांनी खरंच आठवून बघितलं.

"क्वचित," ते म्हणाले. "बहुतेक वेळा मीच वर जायचो."